निव्वळ कर्ज आणि उरलेलं देणं

(मुलुंड पूर्व येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मला रात्रशाळेत जमाखर्च शिकवला. वर्गातले बहुतेक जण दिवसा नोकरी करणारे होते. ताळेबंदाची देण्याची बाजू फळ्यावर लिहून झाली की सर खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "आता सांगा, दारात कोण कोण उभं आहे?" मग प्रत्येक आकड्यापुढे माणूस लिहायचा. कच्च्या मालाचा व्यापारी, बँकेचा मॅनेजर, पहिल्या तारखेला पगाराची वाट पाहणारा कामगार. माणूस लिहिला नाही तर बेरीज बरोबर असूनही सर अर्धे गुण कापायचे. पुढे चाळीस वर्षं मी हिशेब तपासले. त्या प्रश्नाइतकं उपयोगी हत्यार मला दुसरं मिळालं नाही.

आज तोच प्रश्न घेऊन मी एका आकड्याकडे जाणार आहे. मुंबईत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज जवळजवळ प्रत्येक गल्लीत एक इमारत पाडलेली आणि एक उभी राहत असलेली दिसते. अशा इमारती बांधणाऱ्या ज्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक दर तिमाहीला एक आकडा जाहीर करतात. बाजारात त्याला 'नेट डेट' म्हणतात, मराठीत निव्वळ कर्ज. तो कमी झाला की बातमी होते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बिल्डरचा माणूस सादरीकरण करतो, तेव्हाही पडद्यावर हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. टाळ्या वाजवण्याआधी तो आपल्याला वाचता यायला हवा.

आकड्याची घडण सोपी आहे. कंपनीने व्याजाने घेतलेली सगळी कर्जं एकत्र करायची: बँकांची, वित्तसंस्थांची, कर्जरोख्यांची, लांब मुदतीची आणि आखूड मुदतीचीही. हे झालं एकूण कर्ज. त्यातून हातातली रोकड, बँकेतली शिल्लक आणि चटकन मोडता येणाऱ्या गुंतवणुकी वजा करायच्या. उरतं ते निव्वळ कर्ज. कल्पना रास्त आहे. एखाद्यावर दहा लाखांचं कर्ज असेल आणि चार लाखांची मुदत ठेव असेल, तर त्याचा खरा बोजा सहा लाखांचा.

मात्र लेखा मानकांनी या शब्दाची एकच व्याख्या बांधून दिलेली नाही. काय मिळवायचं आणि काय वजा करायचं, हे कंपनी स्वतः ठरवते आणि तळटिपेत लिहिते. एक कंपनी प्रवर्तकाने दिलेलं कर्ज धरते, दुसरी धरत नाही. भागीदारीतल्या प्रकल्पाचं कर्ज त्या भागीदारीच्या वहीत राहतं आणि मूळ कंपनीच्या एकत्रित आकड्यात कधी कधी येतच नाही. म्हणून दोन बिल्डरांचे आकडे शेजारी मांडण्याआधी दोघांच्या तळटिपा शेजारी मांडाव्या लागतात.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लोढा समूहाची मॅक्रोटेक डेव्हलपर्स एप्रिल २०२१ मध्ये शेअर बाजारात आली आणि तिने २,५०० कोटी रुपये उभे केले. तेव्हा तिच्या भारतातल्या व्यवसायावरचं निव्वळ कर्ज १६ हजार कोटींच्या आसपास होतं. मार्च २०२४ अखेर ते ३ हजार कोटींच्या आसपास आलं. तीन वर्षांत एवढी घट म्हणजे मोठंच काम. ते कसं झालं, हे पाहिलं की आकड्याचा स्वभाव कळतो. पहिला मार्ग भागभांडवलाचा. एप्रिलच्या विक्रीनंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ४,००० कोटी आणि मार्च २०२४ मध्ये सुमारे ३,३०० कोटी रुपये नवे शेअर देऊन उभे केले गेले. असा पैसा आला की एकही वीट न रचता निव्वळ कर्ज उतरतं, कारण सावकाराच्या जागी भागधारक येतो. दुसरा मार्ग विक्री आणि वसुलीचा: घरं विकायची, हप्ते गोळा करायचे, कर्ज फेडायचं. तिसरा मार्ग जमीन विकत न घेता जमीनमालकाशी भागीदारी करण्याचा. आणि सुरुवातीच्या आकड्यासोबत 'भारतातला व्यवसाय' हे शब्द होते, कारण लंडनमधले प्रकल्प वेगळे दाखवले जात. कंपनीने ते उघडपणे सांगितलं होतं. वाचणाऱ्याने ते शब्द गाळले, तर चूक वाचणाऱ्याची.

आता दुसऱ्या मार्गापाशी थांबू, कारण आपण सगळे तिथेच उभे आहोत.

तुम्ही कांदिवलीत किंवा घाटकोपरला बांधकाम चालू असलेलं घर घेता. हप्ता भरता. ती रक्कम बिल्डरच्या बँकेतली शिल्लक वाढवते, म्हणजे निव्वळ कर्ज तेवढ्याने उतरतं. त्याच क्षणी ताळेबंदाच्या देण्याच्या बाजूला 'ग्राहकांकडून आलेल्या आगाऊ रकमा' ही ओळ वाढते. तुम्हाला घर द्यायचंय, हे ते देणं. पण त्यावर व्याज नाही, म्हणून ते कर्जात मोजलं जात नाही. बँकेचे शंभर कोटी तुमच्या शंभर कोटींनी फेडले, तर निव्वळ कर्ज शंभर कोटींनी कमी होतं आणि कंपनीचं एकूण देणं जिथल्या तिथे राहतं. दारातला माणूस बदलला, एवढंच. आधी बँकेचा मॅनेजर उभा होता, आता तुम्ही आहात. मॅनेजरकडे तारण होतं. तुमच्याकडे अ‍ॅग्रीमेंट आहे.

कायद्याला हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. महाराष्ट्राने १९६३ मध्ये घरांच्या विक्रीसाठी मोफा हा कायदा केला. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही आणि खरेदीदारांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे, हे त्यात तेव्हाच लिहिलं होतं. ते पाळलं किती गेलं, ते इथल्या अनेकांना ठाऊक आहे. मग २०१६ चा रेरा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून त्याखालचं राज्याचं प्राधिकरण, महारेरा, कामाला लागलं. करारनाम्याआधी घ्यायची रक्कम १० टक्क्यांवर आली. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात जायला हवेत, ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावरच खर्च व्हायला हवेत आणि काढण्याआधी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि चार्टर्ड अकाउंटंट या तिघांचे दाखले हवेत. जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पासाठी तीन खाती ठरवून दिली. सगळी रक्कम आधी पहिल्यात येते आणि तिथून ७० टक्के वेगळ्या खात्यात आपोआप वळतात.

यातून निव्वळ कर्ज वाचणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न निघतो. वजा केलेल्या रोकडीतली किती या वेगळ्या खात्यांत आहे? ती रक्कम कंपनीच्या नावावर असली, तरी तिच्यावर एका विशिष्ट इमारतीचा हक्क आहे. मुलुंडच्या प्रकल्पातल्या ७० टक्क्यांतून अंधेरीच्या जमिनीचं कर्ज फेडता येत नाही. आणि जी रोकड कर्ज फेडायला वापरता येत नाही, ती कर्जातून वजा करणं म्हणजे शेजाऱ्याने सांभाळायला दिलेले दागिने स्वतःच्या संपत्तीत धरणं.

एक हिशेब मांडतो. आकडे काल्पनिक आहेत, पण उपनगरातल्या पुनर्विकासाच्या एका मोठ्या प्रकल्पाला शोभतील असे. समजा, एकूण कर्ज ६०० कोटी आहे आणि बँकेत २५० कोटी आहेत. जाहीर निव्वळ कर्ज झालं ३५० कोटी. त्या २५० पैकी १८० कोटी रेराच्या वेगळ्या खात्यात आहेत, म्हणजे मोकळे फक्त ७०. इमारत पुरी करायला, ठरलेल्या मुदतीतलं व्याज धरून, अजून ५०० कोटी लागतील. विकलेल्या घरांचे ४०० कोटींचे हप्ते यायचे आहेत. वेगळ्या खात्यातले १८० आणि येणारे ४०० मिळून ५८०. त्यातून बांधकामाचे ५०० गेले की ८० उरले. त्यात मोकळे ७० घातले की १५०. सहाशेच्या कर्जापुढे दीडशे हातात, म्हणजे ४५० कोटी अजून न विकलेल्या घरांतून यायला हवेत. शिवाय घर रिकामं करून दिलेल्या जुन्या सभासदांना द्यायचं पुढच्या तीन वर्षांचं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, मिळून ९० कोटी. झाले ५४०. न विकलेली घरं ७०० कोटींना जातील असा अंदाज आहे, म्हणजे १६० कोटींची मोकळीक उरते. चांगलं आहे.

आता काम दोन वर्षं रखडलं असं धरा. सहाशे कोटींवर १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ७२ कोटी, दोन वर्षांचं १४४. वाढीव भाडं वर्षाला ३० कोटी धरलं तर ६०. मिळून २०४. एकशे साठची मोकळीक संपली आणि ४४ कोटींचा खड्डा पडला. या सगळ्या काळात जाहीर आकडा ३५० कोटींच्या आसपास राहू शकतो. कंपनी काही लपवत असेलच असं नाही. त्या आकड्याला वेळ दिसत नाही, एवढीच गोष्ट आहे.

वेळ न दिसण्याची किंमत या शहराने सप्टेंबर २०१८ मध्ये मोजली. आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेने देणी थकवली आणि वित्तसंस्थांना मिळणारा पैसा एकाएकी आटला. बिल्डर त्या संस्थांवर अवलंबून होते. जुनं कर्ज मुदत संपली की नव्या कर्जाने फेडायचं, अशी सगळ्यांना सवय लागली होती. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी निव्वळ कर्ज तेवढंच होतं. पण पाच वर्षांनी फेडायचे हजार कोटी आणि येत्या मार्चमध्ये फेडायचे हजार कोटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे त्या आठवड्यात कळलं. म्हणून दुसरा प्रश्न: हे कर्ज कधी फेडायचंय?

तिसऱ्या प्रश्नासाठी भांडुपला यावं लागेल. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचं, म्हणजे पीएमसी बँकेचं, मुख्यालय तिथे होतं. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा ठेवली. ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. या पट्ट्यातल्या कितीतरी कुटुंबांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे पैसे त्यात होते. सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जांच्या ७० टक्क्यांहून अधिक, एकट्या एचडीआयएल या बिल्डर समूहाकडे गेले होते आणि ते हजारो खोट्या खात्यांआड झाकले होते, असं तपासात पुढे आलं. त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, एचडीआयएल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती. मुलुंडच्या व्हिस्परिंग टॉवर्समध्ये घर घेतलेले लोक त्यात अडकले. सरांचा प्रश्न इथे लावून पाहा. भांडुपच्या शाखेत निवृत्तीची पुंजी ठेवणाऱ्या बाई त्या बिल्डरच्या दारात उभ्या होत्या आणि हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. कर्जाचा आकडा वाचताना कर्ज कुणी दिलंय, किती हातांनी दिलंय आणि एकाच हातावर सगळा भार आहे का, हे पाहायचं ते यासाठी.

त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. संसदेने २०१८ मध्ये दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती करून घर खरेदीदाराला वित्तीय धनको ठरवलं होतं. बिल्डरांनी तिला आव्हान दिलं आणि न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. २०२० मध्ये अट आली की अर्ज करायला त्या प्रकल्पातले किमान १०० किंवा १० टक्के खरेदीदार एकत्र हवेत. तरी मूळ गोष्ट शाबूत राहिली. कायद्याच्या लेखी तुमचा हप्ता हे बिल्डरला दिलेलं कर्जच आहे. निव्वळ कर्जाच्या आकड्यात मात्र तो नाही. एका घरात जो धनको, तो दुसऱ्या घरात मोजलाच जात नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या फटीबद्दल आहे.

कर्ज वाढलं की वाईट आणि घटलं की चांगलं, असा धडाही यातून काढू नका. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये रखडलेल्या घरांसाठी २५ हजार कोटींचा स्वामिह निधी जाहीर केला. त्या निधीतून पूर्ण झालेला देशातला पहिला गृहप्रकल्प आपल्या बोरिवलीचा, रिव्हाली पार्क. मे २०२१ मध्ये तिथल्या लोकांना ताबा मिळाला. हा निधी म्हणजे नवं कर्जच असतं आणि तेही फेडीत पुढचा मान असलेलं. ते घेतल्यावर प्रकल्पाचा बोजा वाढला, काम सुरू झालं आणि चाव्या मिळाल्या. जे कर्ज भिंतीत जातं ते घर देतं. जे जुन्या व्याजात जातं ते नुसतं दिवस काढतं.

आता आपल्या दारात येतो.

मोकळी जमीन घेणारा बिल्डर पैसा आधी मोजतो. बोरिवलीतली टाटा स्टीलची सुमारे २५ एकर जागा ओबेरॉय रिअल्टीने २०१४ मध्ये १,१५५ कोटींना घेण्याचं ठरवलं, तेव्हा ती किंमत सगळ्यांना दिसली. पुनर्विकासात जमीन सोसायटी देते. किंमत रुपयांत चुकवायची नसते. ती नव्या घरांत, वाढीव चौरस फुटांत, भाड्यात, कॉर्पसमध्ये आणि शिफ्टिंगच्या खर्चात चुकवायची असते, आणि तीही पुढे. म्हणून पुनर्विकास करणाऱ्या कंपनीचं निव्वळ कर्ज कमी दिसतं. गुंतवणूकदाराला हे मॉडेल 'अ‍ॅसेट लाइट' म्हणून सांगितलं जातं. ते हलकं आहे, कारण वजन आपल्या डोक्यावर आहे. घर रिकामं करून दिलेला सभासद हा त्या प्रकल्पाचा सर्वात आधीचा सावकार. त्याने रोख दिली नाही, राहतं घर दिलं. त्याचं देणं ताळेबंदात कुठे इतर देण्यांत असेल, कुठे टिपांमध्ये असेल. कर्जाच्या ओळीत नसतं.

हे मी अनुभवाने सांगतो. आमची मुलुंड पूर्वेची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा मी सोसायटीचा खजिनदार होतो. बिल्डरचं नाव घेत नाही, त्याची गरज नाही. पहिल्या वर्षी अकरा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक मिळाले. दुसऱ्या वर्षीही मिळाले. तिसऱ्या वर्षी प्लिंथच्या वर तीन मजले होऊन काम थांबलं आणि भाडं बंद झालं. आमच्या मजल्यावरच्या काकू मुलुंडमध्ये भाडं परवडेना म्हणून बदलापूरला गेल्या होत्या. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा फोन यायचा. "भाऊ, चेक आला का?" एवढंच विचारायच्या. त्याच तिमाहीत कंपनीचं पत्रक आलं: निव्वळ कर्जात घट. ते खरं होतं. मी तपासलं. बँकेचा हप्ता वेळेवर गेला होता. भाडं गेलं नव्हतं. बँकेचा हप्ता चुकला की खातं थकीत होतं आणि पत मोडते. काकूंचं भाडं चुकलं की फक्त काकूंना कळतं.

हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेला मी त्या दिवशी स्वतःवर रागावलो, कारण करार करताना मी निव्वळ कर्जाचा आकडा पाहिला होता आणि समाधानी झालो होतो. सरांचा प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

म्हणून पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रत्येक सोसायटीला माझी कळकळीची विनंती आहे. आकडा ऐका, मग हे विचारा. वजा केलेल्या रोकडीत वेगळ्या खात्यातली किती? येत्या बारा महिन्यांत किती कर्ज फेडायचंय? भागीदारीतल्या प्रकल्पांचं कर्ज यात आहे का? आमच्याच प्लॉटवर किंवा विक्रीच्या घरांवर किती बोजा चढवणार? सगळ्या चालू प्रकल्पांतल्या जुन्या सभासदांचं भाडं महिन्याला किती आणि ते कुठून देता? उत्तरं लेखी घ्या आणि इतिवृत्तात चिकटवा. कंपन्यांच्या मालमत्तेवरचे बोजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतात, प्रकल्पावरचे महारेराच्या. पतमानांकन संस्थांची टिपणं फुकट वाचायला मिळतात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या शासन निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांच्या बँक हमीची तरतूद आहे. सभांमध्ये हा मुद्दा भिडेपोटी सोडून दिला जातो. तो सोडू नका. बँक हमी म्हणजे दारात उभं राहताना तुमच्या हातात असलेलं तारण.

शेवटी एक काम, जे आम्ही उशिरा केलं. सरांनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं की प्रत्येक व्यवहार दोन वह्यांत असतो. एकाचं देणं ते दुसऱ्याचं येणं. भाडं थांबल्यावर चौथ्या महिन्यात आम्ही सभासदनिहाय खातं उघडलं. कुणाचं किती महिन्यांचं भाडं, किती कॉर्पस, व्याजासकट. सोसायटीच्या ताळेबंदाला ते परिशिष्ट म्हणून जोडलं, लेखापरीक्षकाची सही घेतली आणि त्याची प्रत बिल्डरला आणि त्याला कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेला पाठवली. आमच्या इमारतीवर आपल्या कर्जाशिवाय आणखी किती देणं आहे, हे त्या वित्तसंस्थेने बहुधा पहिल्यांदाच कागदावर पाहिलं. सात आठवड्यांनी बोलणी सुरू झाली. थकलेलं भाडं हप्त्यांनी आलं, काम सुरू झालं, ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाली. उशीर झाला तो झालाच.

कंपनीच्या वहीत आपल्याला कोणत्या ओळीत बसवायचं, ते आपल्या हातात नाही. आपली वही आपल्या हातात आहे. त्या परिशिष्टातली पहिली ओळ काकूंची होती: नाव, खोली क्रमांक, चार महिन्यांचं भाडं येणं. पुढच्या पाच तारखेला त्यांचा फोन आला, तेव्हा मी सांगितलं, "काकू, चेक आलेला नाही. पण तुमचं येणं लिहिलंय आणि त्यावर सही आहे." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं.